शेजाऱ्यांची गोष्ट लिहायची तर आधी नळ ठरवा

माझ्या पहिल्या शेजारकथेत १९४८ची हैदराबादची पोलीस ॲक्शन होती, १ मे १९६० होता, आणीबाणी होती. शेजारी तेवढे नव्हते. चाळीतल्या एका काकूंना वाचून दाखवली, तर म्हणाल्या, "हे पेपरात आलंतं की रे सगळं. आमचं नळावरचं भांडण कुठाय?"

तेव्हापासून मी सामाईक वस्तूपासून सुरुवात करतो. दोन घरांना वाटून घ्यावी लागते अशी एक वस्तू निवडा. कपड्याची दोरी, जिना, मधली भिंत, काहीही चालेल. सोलापुरात नळासारखं दुसरं काही नाही. उजनीचं धरण झालं तरी आमच्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे गोष्ट कुठल्याही दशकात न्या, कळशीवरून वाजायला कारण तयार.

मग घरं. पूर्व भागात एका भिंतीला दोन भाषा सहज मिळतात. एका घरात तेलुगू बोलणारं पद्मशाली कुटुंब ठेवा, नवरा मागावर, बायको बिड्या वळणारी. शेजारी मिलमधला मराठी कामगार.

वहीत तीन उभ्या रेघा मारा: साल, माणसाचं वय, घरात काय बदललं. १९४८ साली बारा वर्षांची असलेली मुलगी १९७५ला एकोणचाळीसची असते, २००३ला सदुसष्टची. हा हिशेब चुकला की म्हातारी जिना धावत चढते आणि वाचक हसतो. सालं तीनच घ्या, चार झाली की गोष्टीचा इतिहासाचा तास होतो.

माहिती गोळा करताना "आणीबाणीत काय झालं?" असं विचारू नका. लोक एकदम भाषणाच्या सुरात जातात. पाणी कुठून भरायचात, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला कुणाबरोबर जायचात, हे विचारा. माणसं काळ घरातल्या गोष्टींवरून मोजतात: "धाकटा रांगत होता", "ह्यांना नेलं त्या वर्षी". बहात्तरचा दुष्काळ मात्र सालासकट आठवतो, कारण तो ताटात होता. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी विसरत नाही कुणी.

आता प्रसंग. मोठी घटना घराच्या उंबऱ्याशी येईपर्यंत थांबा. १९४८च्या सप्टेंबरात फौज सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरली. त्याआधी रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या भीतीनं पलीकडची कितीतरी कुटुंबं इकडे आली होती. तुम्ही फौज दाखवू नका. नळदुर्गाकडून ट्रंक घेऊन आलेली मावशी दाखवा, आणि तिच्यासाठी शेजारणीनं न बोलता पाठवलेल्या चार कडक भाकऱ्या.

१९७५चा प्रसंग मी असा लिहिला. युनियनवाल्या नवऱ्याला मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याखाली नेलंय. बायको ओट्यावर मांडीत सूप घेऊन बसलीय. कात्रीनं पान कापते, चिमूटभर तंबाखू भरते, वळते, दोरा गुंडाळते, तोंड दुमडते. शेजारीण विचारते, "अक्का, कधी सोडणार म्हणे?" ती वर बघत नाही. "इरवै मूडु, इरवै नालुगु..." पंचविसाची जुडी बांधते, बाजूला ठेवते, पुढचं पान उचलते. शेजारीण तिची रिकामी कळशी उचलून नळावर नेते. त्या तेलुगू आकड्यांचा अर्थ मी दिला नाही, तुम्हीही देऊ नका.

भाषेचं एवढंच: "काय करलालास बे?" असली सोलापुरी बोली पानावर एकदा पुरे. प्रत्येक वाक्यात घातलं की विनोदी नाटक होतं.

मिलच्या भोंग्याचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला. मिल बंद, भोंगा बंद, म्हातारा तरी पहाटे उठतो. हे इतक्यांदा लिहून झालंय की आता तो निजलेलाच बरा. त्यापेक्षा मिल बंद झाल्यावर तो रोज डबा घेऊन कुठं जाऊन बसायचा, ते शोधा.

२००३च्या जानेवारीत सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले. गोष्टीत त्या दिवशी चौकात फटाके वाजू द्या, पण नळ कोरडा ठेवा. दोघी म्हाताऱ्या घागरी रांगेत लावून त्यावर काय बोलतील ते लिहिताना मला सगळ्यात मजा आली.

शेवटी कुणाला मारायची घाई करू नका. दोन्ही घरांना वेगळं कनेक्शन मिळतं, वेगळी मोटर बसते, नळावर भेटायचं कारण संपतं. मग एका घरची मोटर जळते. त्या घरची म्हातारी कळशी घेऊन शेजारच्या दाराशी जाते की टँकरची वाट बघते, तेवढं चार ओळींत लिहा आणि पेन ठेवा.