हात धुणं, स्टार्टर तपासणं थांबतच नाही? या चक्रातून बाहेर कसं यावं

कपाशीवर फवारणी करून आलं की साबणानं हातपाय धुवायलाच हवेत. पण ‘औषध राहिलं असेल, लेकराला बाधेल’ या धास्तीनं तासन् तास कातडी सोलेपर्यंत घासत बसणं हा आजार आहे. रात्रीची लाइन असली की विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बंद केल्याचं ठाऊक असूनही पुन्हा पुन्हा वावरात जाणाऱ्या कास्तकाराचंही तेच. डॉक्टर याला ओसीडी (ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणतात. शंभरात एक-दोघांना तो कधी ना कधी होतो. ‘बाहेरचं लागलं’ म्हणून अंगारे-धुपाऱ्यात वर्षं घालवू नका.

आधी चक्र ओळखा. शंका येते, जीव घाबरतो, माणूस धुतो किंवा तपासतो, बरं वाटतं. खरी गोम या बरं वाटण्यातच आहे. धुतलं म्हणूनच वाचलो, असं मन शिकतं आणि पुढची शंका आणखी जोरात येते. आठवडाभर वहीत लिहा: शंका कोणती, काय केलं, धास्ती दहापैकी किती.

मग तीन-चार गुणांच्या धास्तीपासून सुरुवात करा. सगळ्यात मोठीला आधीच हात घालू नका. समजा, स्टार्टर निवडला. एकदा बंद करा आणि घरी या. छाती धडधडेल, पाय वावराकडे ओढतील. बाजेवर बसून राहा. मोबाइलमध्ये फोटो काढून बघणं, गड्याला फोन लावणं, मनातल्या मनात उजळणी करणं, हेही तपासणंच आहे, तेही नको. काही न करता धास्ती हळूहळू उतरते, हे अनुभवायचं आहे. जमतच नसेल तर आधी दहा मिनिटं थांबा, मग वीस. रोज करा. ती धास्ती सौम्य झाली की वहीतली पुढची घ्या.

घरच्यांनो, ‘हो बाबा, बंद आहे’ हे तुम्ही मायेनंच सांगता, पण त्यानं आजार पोसला जातो. आजारी माणसाशी आधीच ठरवून घ्या आणि मग म्हणा, ‘बाबा, उत्तर देत नाही, पण तुमच्याजवळ बसतो.’ चिडू मात्र नका.

दिवसाचा तासाहून जास्त वेळ यात जात असेल, कामं बुडत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. जिल्हा रुग्णालयात विचारा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. गोळ्यांचा गुण यायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात, म्हणून मनानं बंद करू नका. जगणं नकोसं वाटत असेल तर आत्ताच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.