मठाच्या ग्रंथसेवेचा पैसा: पावतीपासून पोथीपर्यंत या चुका टाळा

दासनवमीच्या, म्हणजे समर्थ रामदासांच्या पुण्यतिथीच्या, आठवड्यात सातारा भागातल्या एका मठात पावतीच्या टेबलाशी बसलो होतो. एक आजी आल्या, कनवटीची पाचशेची नोट काढली आणि म्हणाल्या, "बाळा, पोथ्या छापायला घे हे." लिहिणाऱ्या मुलाने नाव विचारलं, गाव विचारलं आणि पावतीवर एकच शब्द लिहिला: देणगी. पोथ्यांचा उल्लेख तिथेच गळला. ती नोट सर्वसाधारण खात्यात गेली, त्यातून मांडवाचं बिल भागलं असेल किंवा विजेचं. कुणी लबाडी केली नाही. पण आजींनी ज्या कामाला पैसा दिला, त्या कामाला तो लागला नाही.

सातारा-सांगलीतल्या छोट्या मठांना पोथ्यांचं स्कॅनिंग, छपाई आणि त्याचा हिशेब यात मी काही वर्षं मदत करतो आहे. त्यात वारंवार दिसलेल्या चुका इथे लिहितो. पैसा कमी पडला म्हणून काम अडलं असं मी क्वचित पाहिलं. बहुतेक वेळा पैसा दिसणाऱ्या गोष्टींवर जातो आणि ग्रंथ टिकवणाऱ्या गोष्टींना उरत नाही.

पावतीवर हेतू न लिहिणं

पावतीपुस्तकातच रकाने छापून घ्या: अन्नदान, उत्सव, ग्रंथछपाई, पोथीजतन. किर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीतही, ही खाती वेगळी ठेवा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेल्या न्यासाला हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतातच. रकाने आधीपासून वेगळे असले की मार्चअखेर डोकं धरून बसावं लागत नाही. "हे मूळ रकमेत ठेवा, व्याज वापरा" असं कुणी म्हटलं तर त्यांच्याकडून तसं लेखी घ्या. तोंडी शब्दावर ती रक्कम कायम निधीत दाखवू नका.

80जीची, म्हणजे दात्याला आयकरात सवलत मिळवून देणारी, मान्यता असेल तरच पावतीवर तसं छापा. मान्यता असली तरी 2000 रुपयांपर्यंतच्या रोख देणगीवरच करसवलत मिळते, आणि दात्याचा पॅन घेतला नाही तर तीही अडकू शकते. हे टेबलावरच्या मुलाला माहीत हवं. नाहीतर दाता जुलैत विवरण भरताना फोन करतो.

नवी आणि मोठी अडचण क्यूआर कोडची आहे. फलकाचा फोटो भक्तांच्या ग्रुपवर फिरतो, परदेशातला कुणी आनंदाने मोठी रक्कम पाठवतो आणि विश्वस्तही खूश होतात. इथे थांबून एकच विचारा: पासपोर्ट कोणता? भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने परदेशातल्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी ठरत नाही. पण कऱ्हाडचाच मुलगा तिकडचा नागरिक झाला असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असूनही त्याची देणगी विदेशी अंशदान ठरते. ते घ्यायला एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदान कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. नोंदणी नसेल तर प्रेमाने, हात जोडून नाही म्हणा.

जे सगळीकडे आहे तेच पुन्हा स्कॅन करणं

या चुकीची मला सर्वांत जास्त खंत वाटते. देणगी जमली की पहिला उत्साह छापील दासबोध स्कॅन करण्याचा असतो. वीस दशक, दोनशे समास, आज हव्या तितक्या ठिकाणी मिळतात. त्याच मठाच्या माडीवर लाल बासनात बांधलेल्या पोथ्या, स्थानिक पदं, आरत्यांची बाडं आणि मोडीतले जमाखर्चाचे कागद पडलेले असतात. ते जगात दुसरीकडे कुठेच नसण्याची शक्यता असते. आधी यादी करा. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी वाङ्मयाचा मोठा संग्रह आहे, तिथे काय आहे ते पाहा, आणि मग फक्त तुमच्याकडे असलेलं आधी घ्या.

स्कॅन करतानाही घाई नको. एका ठिकाणी काम पूर्ण झालं म्हणून मला बोलावलं. चित्रं सुरेख होती, पण पोथीच्या शेवटच्या पानाची मागची बाजू घेतलीच नव्हती, कारण "तिथे मजकूर नव्हता, चार ओळी होत्या." त्या चार ओळींत लेखकूचं, म्हणजे पोथी उतरवून काढणाऱ्याचं, नाव, गाव आणि शक होता. शकात 78 मिळवले की साधारण इसवी सन निघतो, म्हणजे पोथीचं वय सांगणारी एकमेव जागा सुटली होती. पुन्हा बासन सोडलं, पुन्हा सगळी मांडामांड. म्हणून कोरी बाजूसुद्धा घ्या, पानाच्या कडेच्या नोंदी कापू नका, बासनाचाही एक फोटो काढा.

बांधलेली जुनी वही सपाट स्कॅनरवर दाबू नका, शिवण तुटते. वरून फोटो घेणारा स्कॅनर किंवा स्टँडवरचा कॅमेरा बरा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर कधीच करू नका, ते परत निघत नाही. मूळ चित्रं टिफमध्ये ठेवा, वाचकांसाठी पीडीएफ वेगळी बनवा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंना मूळ प्रत म्हणू नका, तिथे चित्र दाबून बारीक होतं.

मजकूर यंत्रावर सोडून मोकळं होणं

चित्रावरून अक्षरं ओळखणारी प्रणाली आता मराठीत चांगली चालते, पण ध आणि घ, भ आणि म यांत तिचा गोंधळ होतो. 'साधन'चं 'साघन' झालेलं मी छापील पुस्तकात पाहिलं आहे. त्याहून घातक म्हणजे शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम. तो 'वोवी'ची 'ओवी' करतो, 'करूं'वरचा अनुस्वार उडवतो आणि जुनी भाषा नकळत नवी होऊन बसते. जुन्या मजकुरावर तो बंदच ठेवा.

दहा-पंधरा वर्षांपूर्वी छापलेल्या पुस्तकांच्या फाइली मठाकडे असल्या तर त्या बहुधा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, नसतात. नव्या संगणकावर उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात आणि लोक त्या टाकून देतात. टाकू नका. फॉन्टचं नाव कळलं तर बऱ्याचदा रूपांतर करता येतं, फक्त रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात.

मुद्रितशोधनाला अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम धरा. "आपले निवृत्त गुरुजी बघतील" एवढ्यावर राहू नका. गुरुजी मनापासून बघतात, पण दासनवमीला प्रकाशन ठरलेलं असतं आणि प्रूफ येतं आठ दिवस आधी. पुस्तक पुढच्या उत्सवाला आलं तरी चालेल, असा ठराव आधीच करून ठेवा. दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर नेटकं काढावं, शाई-कागद जपावा यावरच आहे. रामदासी परंपरेत हे काम गौण कधीच नव्हतं.

हक्क न तपासणंही इथलंच. समर्थ सतराव्या शतकात समाधिस्थ झाले, त्यांच्या ओव्यांवर कुणाचा स्वामित्वहक्क नाही. पण खाली दिलेला अर्थ अलीकडच्या अभ्यासकाचा असेल तर तो हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. कीर्तनाचं चित्रण टाकण्याआधी बुवांचीही लेखी संमती घ्या.

स्वस्त पडतात म्हणून पाच हजार प्रती

प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च तोच राहतो, त्यामुळे प्रती वाढवल्या की एका प्रतीची किंमत उतरते आणि मोह होतो. मग गठ्ठे माडीखालच्या खोलीत जातात आणि पावसाळ्यात वाळवी लागते. गेल्या तीन वर्षांत किती खपल्या ते पाहून आकडा ठरवा. शंभर-दोनशे प्रतींना डिजिटल छपाई पुरते.

पारायणाची प्रत असेल तर बांधणी शिवूनच घ्या. नुसत्या गोंदाची बांधणी चौरंगावर सपाट राहत नाही, वाचणारा सतत दाबत राहतो आणि चातुर्मास संपेपर्यंत पानं सुटतात. टाइप मोठा ठेवा.

वेबसाइटचा पुढच्या वर्षीचा खर्च न धरणं

वेबसाइट, ॲप, चॅनेल उभं करायला दाता मिळतो, पण दुसऱ्या वर्षीच्या डोमेनला, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या वार्षिक शुल्काला, मिळत नाही. त्यात डोमेन एखाद्या उत्साही मुलाच्या नावावर, चॅनेल त्याच्या खासगी जीमेलवर. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, नंबर बदलला, की मठ स्वतःच्याच दाराबाहेर. सगळं न्यासाच्या नावावर आणि न्यासाच्या ईमेलवर घ्या, दोन विश्वस्तांकडे चावी असू द्या. आणि प्रत्येक डिजिटल देणगीतला काही भाग वार्षिक खर्चासाठी आधीच बाजूला काढा. हवाईतल्या कवाई बेटावरच्या शैव मठाने यासाठीच कायम निधीची वाट धरली आहे: मूळ रकमेला हात न लावता उत्पन्नातून कामं चालवायची. लहान मठालाही मुदतठेवीवर हे जमतं.

सगळं एकाच कपाटात

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी ओसरल्यावर पलूस तालुक्यातल्या एका मठात गेलो. तळमजल्याचं लोखंडी कपाट गाळाने घट्ट झालं होतं, पहारीने उघडलं. खालच्या कप्प्यात पोथ्या होत्या, वरच्या कप्प्यात त्याच पोथ्यांच्या स्कॅनची हार्डडिस्क. दोन्ही बुडाले होते. पानं एकेक सोडवून टिपकागदात घालून पंख्याखाली वाळवली, बायका-पोरं रात्रभर बसली होती. बरीच पानं वाचता येतात. हार्डडिस्क मात्र सुरूच झाली नाही.

आता त्या मठात पोथ्या माडीवर आहेत. स्कॅन पुन्हा केले, त्यांची एक प्रत मठात, एक कऱ्हाडला एका विश्वस्तांच्या घरी, एक क्लाउडवर. दर दासनवमीला हार्डडिस्क लावून दहा पानं उघडून बघतात आणि वहीत तारीख टाकतात. तिथल्या पावतीपुस्तकात पाचवा रकाना आहे, त्यावर छापलंय: पोथी-प्रत राखण.