जुन्या गाडीचा ब्लोअर वाजतो तेव्हा

हीटर लावला की डॅशबोर्डमागून आवाज येतो, ही जुन्या गाड्यांची नेहमीची तक्रार. गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामात नव्याने आलेली मुलं ती ऐकली की लगेच ग्लव्ह बॉक्सचे स्क्रू काढायला बसतात. त्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: आधी ऐका, हत्याराला नंतर हात लावा. ब्लोअरची, म्हणजे हीटरची हवा केबिनमध्ये ढकलणाऱ्या पंख्याची, मोटर खराब म्हणून बदलली जाते, तेव्हा कितीतरी वेळा मोटर ठणठणीत असते आणि दोष पंख्यात, पंख्यात अडकलेल्या कचऱ्यात किंवा भलत्याच भागात असतो. ऐकण्यात थोडा वेळ घातला तर अर्धा दिवसाचं काम वाचतं, आणि गाडीवाल्याला न लागणारा भाग विकत घ्यावा लागत नाही.

सुरुवात इंजिन बंद ठेवून करा. चावी ऑनवर आणा, इंजिन चालू करू नका, आणि ब्लोअर पहिल्या स्पीडपासून शेवटच्या स्पीडपर्यंत एकेक करून फिरवा. आवाज ब्लोअरच्या बटणाबरोबर चढत-उतरत असेल तर तो पंख्याचा किंवा त्याच्या मोटरचा. मग इंजिन चालू करा. ब्लोअर बंद केल्यावरही तो राहत असेल आणि इंजिनची रेस वाढवल्यावर वाढत असेल, तर बोनेट उघडा. बेल्ट, अल्टरनेटर, वॉटर पंप यांच्यापैकी कोणीतरी बोलतंय. आणखी दोन आवाज नवख्या माणसाला हमखास चकवतात. एक म्हणजे चावी फिरवल्यावर किंवा गरम-गारचं बटण हलवल्यावर काही सेकंद येणारी टकटक. ती हवेची झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या प्लास्टिक गिअरचे दात गेल्याची खूण. दुसरा म्हणजे डॅशबोर्डमागून येणारी पाण्याची गुळगुळ. हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये, म्हणजे हीटर कोअरमध्ये, हवा शिरली की ती ऐकू येते. त्यासाठी कूलंटची पातळी बघायची आणि सिस्टीममधली हवा काढायची, पंखा उघडायचा नाही.

आवाज ब्लोअरचाच आहे हे पक्कं झालं की तो कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. कामाचा गाभा हाच आहे. पत्ता पिसताना होते तशी फडफड किंवा टिकटिक, स्पीड वाढवला की जलद होणारी, असेल तर पंख्यात सुकलेलं पान, काडी किंवा कागद आहे. बाहेरची हवा आणि आतली हवा असं बटण बदलून पाहा. झडप हलल्यावर आवाज बदलला तर हा संशय आणखी पक्का होतो. बारीक, कर्कश चूं-चूं, तीही थंडीत सकाळी जास्त आणि थोडा वेळ चालल्यावर कमी, असेल तर मोटरचं बुश, म्हणजे मोटरचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो ती कडी, कोरडं पडलंय. घरघर आणि तिच्याबरोबर डॅशबोर्डला हात लावल्यावर जाणवणारी थरथर म्हणजे पंख्याचा तोल गेलाय: एखादी पाकळी तुटली असेल किंवा एका बाजूला चिखल, धूळ नाहीतर उंदराच्या घरट्यातला कापूस चिकटला असेल. सलग खरखर, घासल्यासारखी, असेल तर पंखा शाफ्टवर सरकून कव्हरला लागतोय. हे आवाज एकमेकांत मिसळूनही येतात. झिजलेल्या बुशमुळे शाफ्ट हलतो, शाफ्ट हलला की पंखा कव्हरला लागतो, आणि कानाला फक्त खरखर ऐकू येते. म्हणून खरखर ऐकल्यावर पंखा बसवून मोकळं होऊ नका, शाफ्टला किती प्ले, म्हणजे सैल हालचाल, आहे ते बघा.

गाडी उभी असताना गप्प राहणारा आणि वळणावर ओरडणारा ब्लोअर हा वेगळा प्रकार. माझ्याकडे आलेल्या एका जुन्या गाडीत तो फक्त डाव्या वळणाला वाजायचा. गॅरेजमध्ये कितीही वेळ चालवा, काही नाही. गाडीवाल्याला शेजारी बसवून चक्कर मारली तेव्हा दोन वळणांत उलगडा झाला: बुश लांबट झिजलं होतं, वळणावर शाफ्ट एका बाजूला झुकायचा आणि पंख्याची कड कव्हरला घासायची. मोटर बाहेर काढल्यावर कव्हरच्या आतल्या बाजूला चकचकीत घासलेली चंद्रकोर दिसली. तक्रार सांगणाऱ्याला "कधी वाजतो?" हे विचारा, आणि उत्तर नीट ऐका. थंडीत, वळणावर, खड्ड्यात, की फक्त मोठ्या स्पीडला, यातच निम्मं निदान आलं.

आता उघडायचं. बहुतेक गाड्यांत ब्लोअर चालकाच्या शेजारच्या सीटसमोर, ग्लव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली असतो. काही खूप जुन्या गाड्यांत तो बोनेटखाली, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर बसवलेला असतो, आणि काहींत संपूर्ण हीटर बॉक्स काढल्याशिवाय हात पोचत नाही. तुमची गाडी कोणत्या गटातली, हे मॅन्युअलमध्ये आधी बघा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. एअरबॅग असेल तर कंपनीने सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय डॅशबोर्डमध्ये हात घालू नका. यात घाई करायची नसते. मग ग्लव्ह बॉक्स, मग मोटरचा कनेक्टर. मोटरला थंड हवा देणारी छोटी रबरी नळी असेल तर तीही सोडवा आणि कुठून कुठे जाते ते लक्षात ठेवा, कारण ती परत लावायची राहिली तर मोटर तापते. मोटरच्या फ्लँजवर (बाहेरच्या कडेवर) आणि हीटर बॉक्सवर मार्करने एक रेघ मारा. स्क्रू काढून मोटर पंख्यासकट खाली घ्या, आणि त्याआधी तोंडाला मास्क लावा. वर्षानुवर्षं साचलेली धूळ, कधी उंदराच्या लेंड्या, सरळ तोंडावर पडते.

हातात आल्यावर पंखा बोटाने सावकाश फिरवा. तो दंडगोल पिंजऱ्यासारखा असतो, कडेला बारीक पाकळ्यांची रांग. पानाचा देठ त्या पाकळ्यांमध्ये असा बसतो की वरून दिसत नाही. उजेडासमोर धरून आरपार बघा. पाकळ्यांच्या आतल्या वळणात चिकटलेली धूळ मऊ ब्रशने काढा. पाकळ्यांवर एखादी छोटी धातूची चाप दिसली तर ती कचरा समजून काढू नका. कारखान्यात पंख्याचा तोल साधण्यासाठी ती बसवलेली असते. ती निघाली की स्वच्छ पंखासुद्धा थरथरतो. पाकळी तुटली असेल किंवा मधल्या बॉसला, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या भागाला, तडा असेल तर चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका. हजारो फेऱ्यांवर फिरणाऱ्या पंख्यावर डिंक टिकत नाही, आणि टिकला तरी त्याचं वजन तोल बिघडवतं. पंखा नवा घ्या.

मग शाफ्ट. पंखा धरून आडवा हलवा. किंचित हालचाल चालते. स्पष्ट खटखट लागली तर बुश गेलं. या मोटरमध्ये बहुधा बॉल बेअरिंग नसतं, कांस्याच्या भुकटीपासून बनवलेलं सच्छिद्र बुश असतं. त्याच्या छिद्रांत तेल मुरवलेलं असतं आणि शाफ्ट फिरताना ते थोडं थोडं बाहेर येतं. तेल आटलं की चूं-चूं सुरू होते. बुश फक्त कोरडं असेल, झिजलेलं नसेल, तर ते वाचवता येतं: पंखा उतरवून शाफ्टच्या मुळाशी इलेक्ट्रिक मोटरसाठीच्या पातळ तेलाचे एक-दोन थेंब सोडा, शाफ्ट हाताने फिरवा, मुरू द्या, मग पुन्हा एखादा थेंब. गंज सोडवणारा स्प्रे मात्र इथे मारू नका. तो उरलंसुरलं तेल धुऊन नेतो. आवाज त्या दिवशी थांबतो आणि थोड्याच दिवसांत आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो. जास्त तेल ओतणंही वाईटच. ते आत ओघळून कॉम्युटेटरवर, म्हणजे शाफ्टवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर, गेलं की कार्बनच्या भुकटीत मिसळून काळा चिखल होतो आणि त्याला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, म्हणजे ब्रश, नीट टेकत नाहीत. दुसरं बुश मोटरच्या डब्याच्या बंद टोकाला असतं, तिथे डबा उघडल्याशिवाय तेल पोचत नाही. डबा दुमडलेल्या पत्र्याच्या कानांनी बंद केलेला असेल तर जपून उघडता येतो. आत ब्रश अगदी आखूड झाले असतील आणि कॉम्युटेटरवर नखाला लागेल इतकी खोल खाच पडली असेल, तर मी दुरुस्तीत वेळ घालवत नाही, मोटर बदलते. नवशिक्याने मात्र अशी काढलेली जुनी मोटर फेकून देऊ नये. ती घेऊन बसा आणि पूर्ण खोला. एका मोटरमध्ये जे दिसतं ते कितीही ऐकून समजत नाही.

परत बसवण्याआधी टेबलावर चालवून बघा. मोटर घट्ट धरा किंवा शिकंजात हलकेच पकडा, कारण सुरू होताना ती झटका देते. बॅटरीपासून फ्यूज लावलेल्या तारेने वीज द्या, आणि प्लस-मायनस तपासा. दोन तारांच्या साध्या मोटरमध्ये तारा उलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो, तरीही हवा बाहेर फेकतो, फक्त खूप कमी. त्यामुळे चूक चटकन लक्षात येत नाही. गाडीत बसवल्यावर "हवा कमी येते" अशी नवी तक्रार आली तर सगळ्यात आधी हेच बघा.

ब्लोअर उघडलाच आहे तर रेझिस्टर, म्हणजे ब्लोअरचा स्पीड कमी करणारा भाग, बघितल्याशिवाय ग्लव्ह बॉक्स लावू नका. जुन्या गाड्यांत खालचे स्पीड याच्यामधून जातात आणि सगळ्यात वरचा स्पीड त्याला वळसा घालून सरळ जातो, म्हणून रेझिस्टर जळला की ब्लोअर फक्त फुल स्पीडवर चालतो. जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते आणि तोच करंट रेझिस्टर आणि कनेक्टर भाजून काढतो. कनेक्टरचं प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालं असेल किंवा एखादी पिन सैल असेल तर तो बदला. क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं मीटर) असेल तर फुल स्पीडवर करंट मोजा. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा बराच जास्त आला तर मोटर आवाज करत नसली तरी ती जड झाली आहे. फ्यूज उडतो म्हणून मोठ्या अँपियरचा फ्यूज टाकणं ही सरळ आग लावण्याची तयारी आहे. असा फ्यूज सापडला तर आधी बरोबर आकड्याचा टाका, मग पुढचं काम.

मोटर बसवताना फोमची पट्टी जागेवर आहे का, मारलेली रेघ जुळते का, आणि कोणतीही तार पंख्याच्या वाटेत येत नाही ना, हे बघा. ग्लव्ह बॉक्स लावण्याआधीच सगळे स्पीड चालवून घ्या. शेवटी बाहेर या आणि पुढच्या काचेच्या तळाशी, वायपरखाली असलेली हवेची जाळी तपासा. जुन्या गाड्यांत केबिन फिल्टर बहुधा नसतो, त्यामुळे तिथून पडलेलं पान थेट पंख्यात जातं. जाळी फाटली असेल तर बारीक तारेची जाळी कापून बसवा, पाण्याचा निचरा होणारी भोकं मोकळी करा, आणि झाडाखाली गाडी लावणाऱ्या गाडीवाल्याला तिथली पानं हाताने काढत राहायला सांगा.