नहपानाच्या नाण्यावरचा दुसरा ठसा: नोंद कशी करावी

१९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभीत १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. सगळी शक क्षत्रप (राज्यकर्ता) नहपानाची, पण त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. अशा नाण्यावर दोन राजे एकमेकांवर उभे असतात. खालचा पुसट राजा हातचा जाऊ द्यायचा नसेल, तर पहिला नियम एकच: घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, काहीही नको. चकाकी येते आणि खालच्या, नहपानाच्या ठशातली ग्रीक अक्षरं जातात. सफाई लागलीच तर ती संवर्धकाने (जुन्या वस्तू जपण्याच्या तज्ज्ञाने) करायची, तीही नोंद झाल्यावर.

हातमोजे नायट्राइलचे घ्या. लेटेक्समधल्या गंधकाने चांदी काळवंडते. वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर करा. व्यास व्हर्नियर कॅलिपरने सर्वांत रुंद आणि सर्वांत अरुंद जागी मोजा, कारण ही नाणी क्वचितच नीट गोल असतात.

खरा वेळ फोटोला द्या. कॅमेरा स्टँडवर, नाण्याच्या बरोबर वर. चौकटीत सेंटिमीटरची पट्टी आणि नोंदणी क्रमांकाची चिठ्ठी. चिठ्ठी विसरली की दोन बाजूंच्या जोड्या चुकतात. दिवा अगदी खाली, जवळजवळ आडवा, आधी डावीकडून ठेवा. मग नाणं न हलवता तो चारही बाजूंनी फिरवत फोटो घ्या. समोरून पडलेल्या प्रकाशात सपाट दिसणारा नहपानाचा चेहरा किंवा पाठीमागचे बाण-वज्र अशा तिरप्या उजेडात उठून येतं.

नोंदीत वरचा ठसा (तीन कमानींचा डोंगर, उज्जैन चिन्ह म्हणजे टोकांना वर्तुळं असलेली फुली, ब्राह्मी लेख) आणि खालचा ठसा वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. जास्त ठळक तो नंतरचा, असं धरू नका. जी रेष दुसरीने कापली किंवा चेपली गेली आहे, ती जुनी. दिसतात तेवढीच अक्षरं लिहा, अंदाजाची चौकटी कंसात. दोन ठशांचा एकमेकांशी असलेला कोन घड्याळाच्या तासांत टिपा: वरचा डोंगर १२ वर धरला, तर खालचं डोकं किती वाजता येतं?

ठेवण्यासाठी पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यांतून चिकट द्रव सुटतो. पॉलिथिनची पिशवी आणि सिलिका जेल ठेवा. पावसाळ्यात जेल वरचेवर बदला. क्रमांक पिशवीवर, नाण्यावर कधीच नाही.

शेतात नाणी मिळाली तर १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवा आणि जागा जशीच्या तशी सोडा. अभ्यासात मदत हवी असेल, तर अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था नाशिकपासून जवळच आहे.