भौतिकशास्त्राचं गणित अडलं तर मदत कशी मागाल?
"सर, हे येत नाही" एवढंच म्हटलं की सर अख्खं गणित सोडवून देतात आणि आपण ते उतरवून घेतो. आकडे बदलले की गाडी पुन्हा अडते. म्हणून आधी आकृती काढा आणि नेमकं कुठे अडलं तिथे खूण करा.

समजा, ३०° च्या घर्षणरहित उतारावर २ किलोचा ठोकळा आहे, त्वरण काढायचंय. बलं दोनच: वजन सरळ खाली आणि पृष्ठभागाची अभिलंब प्रतिक्रिया उताराला काटकोनात. उताराच्या दिशेने वजनाचा घटक घेताना साइन की कोसाइन, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. मनात कोन शून्य करून पाहा. सपाट जागी ठोकळा घसरत नाही, म्हणजे हा घटक शून्य यायला हवा. साइन शून्य होतो, कोसाइन नाही. तेव्हा त्वरण = गुरुत्वत्वरण × साइन ३०° = ९.८ × ०.५ = ४.९ मी/से². (२ किलो लागलेच नाहीत, हेही लक्षात घ्या.)

आता विचारा, "घटक पाडले, पण अभिलंब प्रतिक्रिया वजनाइतकी का येत नाही?" असा प्रश्न आला की शिकवणाऱ्याला दुखणं कुठे आहे ते लगेच कळतं, आणि तोही मनापासून समजावतो. समजलं की वही मिटून तेच गणित ४५° घेऊन करा.