नर्लिंग आधी, बाकीचं नंतर

घरच्या लेथवर (धातू फिरवत कापायचं मशीन) पहिलं अवजार सेंटर पंचच करा, म्हणजे हातोडी मारून धातूवर भोकाची जागा खुणवायचा टोकदार दांडा. 12 मिमीची सिल्व्हर स्टीलची (कडक करता येणारं अवजारांचं पोलाद) कांडी विकत आणा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी गंजके गज स्वस्तात मिळतात, पण ते कुठलं स्टील हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवल्यावर, टोक मऊच राहिलं तर भांडणार कुणाशी?

फेसिंग (टोक सपाट करणं), टर्निंग (व्यास कमी करणं) तुम्हाला येतंच. घोडं अडतं नर्लिंगला, म्हणजे पकडीसाठी दातेरी रोलर दाबून खाचांची नक्षी उठवण्याला; माझंही तिथेच अडलं. एका बाजूने दाबणारं टूल छोट्या लेथला लावूच नका, जॉब, म्हणजे फिरणारी कांडी, वाकतो. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारं घ्या, महाग पडलं तरी. टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाचा टेकू) आधार द्या आणि निमुळतं टोक काढण्याआधीच नर्लिंग उरका.

आता खरी गोम. रोलरच्या दातांमधलं अंतर घेराच्या दिशेने 1 मिमी धरू. 12 मिमी व्यासाचा घेर 37.7 मिमी. 37 खाचा बसतात आणि 0.7 उरतो. मग दुसऱ्या फेरीला दात जुन्या खाचेत न पडता शेजारी पडतात, नक्षीचा भुगा होतो. 38 खाचांना 12.1 व्यास लागतो, तो या कांडीत नाही. म्हणून 37 भागिले 3.1416, म्हणजे 11.78 मिमीला आणा. भोसरीतल्या (पुण्याजवळची औद्योगिक वसाहत) कारखान्यांतले जुने टर्नर या गणिताला हसतात. म्हणतात, दाब जोरात, दात आपोआप बसतात. त्यांच्या जड मशीनवर बसतातही. आपल्या लेथमध्ये तेवढा दम नाही.

हिशेब जुळला तरी लगेच बटण दाबू नका. प्लग काढून चक (कांडी धरणारा फिरता जबडा) हाताने एक पूर्ण फेरी फिरवा आणि भिंगातून बघा. रेघा दुहेरी दिसल्या तर तिथेच थांबा. घाबरू नका, कांडी वाया जात नाही: खुणा टर्न करून काढा आणि 36 खाचांसाठी 11.46 ला या. जुळलं की स्पीड कमी, तेल भरपूर. हातमोजे मात्र अजिबात नकोत.

पुढचं सोपं आहे. कंपाउंड (कापायचं टूल तिरकं सरकवणारी पट्टी) 45 अंशांवर फिरवून 90 अंशांचं टोक काढा. फक्त टोक लाल करा, लोहचुंबक चिकटेनासा झाला की पाण्यात बुडवा. मग घासून चकचकीत करा आणि टोकाच्या मागून हळूहळू तापवत, तापल्याने धातूवर चढणारा गडद पिवळा रंग टोकापर्यंत येऊ द्या, आला की पुन्हा पाण्यात. पंचच्या डोक्याला, म्हणजे हातोडी बसते त्या बाजूला, पाणी देऊ नका. ते कडक झालं तर हातोडीच्या घावाने कपची उडून थेट डोळ्यात जाते.