जुनी फ्रेंच रेसिंग सायकल: पाना लावण्याआधी मोजून घ्या

प्यूजो, जितान, मोतोबेकान अशी 1970 च्या आसपासची सायकल हाती आली, तर रंग-पॉलिशच्या आधी व्हर्नियर कॅलिपर काढा. त्या काळच्या फ्रेंच सायकलींची मापंच वेगळी. हँडलच्या स्टेमचा (हँडल फ्रेमला जोडणाऱ्या भागाचा) दांडा नेहमीसारखा 22.2 नव्हे, 22 मिमी भरतो. पेडलच्या आसावर डी आणि जी ही अक्षरं कोरलेली दिसली, तर ती फ्रेंच: ‘द्रुआत’ म्हणजे उजवं, ‘गोश’ म्हणजे डावं. त्यांचे आटे 14 मिमीचे. आजचं 9/16 इंची पेडल तिथे रेटून बसवलंत, तर क्रँकच (पेडल ज्याला जोडतात तो दांडा) कामातून जाईल.

खरा घात होतो बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे फ्रेमच्या तळाशी क्रँकचा आस फिरतो तिथे. त्याच्या दोन्ही बाजूंना बेअरिंग धरणारे आट्यांचे कप असतात. इंग्लिश सायकलीत चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा, म्हणजे घड्याळाच्या दिशेने सुटणारा असतो. जुन्या फ्रेंच सायकलीत बहुधा दोन्ही कप सुलट आट्यांचे, म्हणून दोन्ही घड्याळाच्या उलट दिशेने सुटतात. इंग्लिश सवयीने जोर लावलात की कप आणखी आवळला जातो! काही मोतोबेकानना मात्र स्विस आटे असतात. तिथे चेनकडचा कप पुन्हा उलटा. म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मुरवा, दोन्ही दिशांनी हलकेच चाचपा आणि निघालेला कप जपून ठेवा. त्या आट्यांचा दुसरा सहजासहजी मिळत नाही.